फलक रंगले, उचल कायम

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुले शाळेत का टिकत नाहीत, या प्रश्नाला सरकारी कागदावर एक ठरलेले उत्तर असते: पालकांमध्ये जागृती नाही. उत्तर ठरलेले, म्हणून उपायही ठरलेला. प्रभातफेरी काढायची, शाळेच्या भिंतीवर घोषवाक्य रंगवायचे, ग्रामसभेत शपथ द्यायची आणि फोटो वर पाठवायचे. माहूर आणि किनवट तालुक्यांतल्या तांड्यांवर, पोडांवर, गुड्यांवर हा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो लोकप्रिय असण्याचे कारण उघड आहे. त्यात कोणाचेही काही बिघडत नाही. ना कारखान्याचे, ना मुकादमाचे, ना शिक्षण खात्याचे. दोष तेवढा आईबापांच्या पदरात पडतो. परंतु विकसनशील देशांत शिक्षण, मजुरी आणि संवाद यांवर गेली ऐंशी वर्षे जे संशोधन झाले, ते या उत्तराच्या बाजूने उभे राहत नाही. माहिती तिथेच कामाला येते, जिथे ती ऐकणाऱ्याला तिच्याप्रमाणे वागण्याची मोकळीक असते, असे ते सांगते. आणि या संशोधनातला काही मोलाचा भाग परक्या मुलखात झालेला नाही. तो माहूरच्या शेजारी आणि पुण्याच्या आसपास झाला आहे.

माहूर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात नव्हते. किनवट तालुका, आणि त्यातले माहूर, हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते मराठवाड्याकडे आले. या आदिलाबाद जिल्ह्यातच १९४० साली कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जंगल-जमिनीच्या हक्कासाठी उठाव केला आणि जोडेघाटला भीम मारले गेले. हादरलेल्या निजाम सरकारने लोक का पेटले हे समजून घेण्यासाठी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवले. त्यांनी अज्ञानाचे निदान केले नाही. जमिनीचे पट्टे दुसऱ्यांच्या नावावर चढले होते, जंगल खात्याने वस्त्या उठवल्या होत्या, आणि पावतीवर काय लिहिले आहे हे वाचता येत नसल्यामुळे गोंड माणूस प्रत्येक कचेरीत नाडला जात होता, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. त्यावर दोन गोष्टी जोडीने झाल्या. आदिवासींना पट्टे वाटले गेले, आणि मारलावाई येथे गोंड तरुणांना शिक्षक करणारे केंद्र निघाले. तिथली पहिली पुस्तके गोंडी भाषेत होती आणि लिपी देवनागरी होती, कारण त्या मुलखात व्यवहाराची भाषा मराठी होती. जमीन नसती तर ही शाळा शोभेची ठरली असती, आणि शाळा नसती तर पट्टा पुन्हा कोणाच्या तरी खिशात गेला असता. पुढे जोडीतले दोन्ही दोर सैल झाले. बाहेरून आलेल्यांकडे जमिनी सरकल्या. ही घसरणही हायमेनडोर्फ यांनीच आपल्या १९८२ च्या पुस्तकात नोंदवली. आज त्या मुलखाचा मराठी भाग आपल्याकडे आहे, पण मारलावाईची आठवण मात्र आपण तेलंगणाकडे सोडून दिली.

दुसरा दाखला १९५६ चाच. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यात पुण्याच्या आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. वीसेक माणसे एकत्र बसून ऐकायची, मग चर्चा करायची, प्रश्न आकाशवाणी केंद्राकडे पाठवायचे आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात ऐकायची. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयरथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे तेवढी पडली नाही. इथवरचा भाग संवादशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येतो. मला त्यातला अधिक बोलका वाटतो तो पुढचा भाग: ही मंडळे बघता बघता निर्णय घेणारी मंडळे झाली, विहिरी आणि सुधारित जनावरे यांच्या गोष्टी करू लागली. हे शक्य झाले, कारण विहीर खणायला त्यांच्याकडे जमीन होती आणि केंद्राकडे त्यांचे ऐकून घेण्याची सोय होती. १९५९ पासून ही योजना देशभर पसरली आणि पसरता पसरता विरली. रेडिओ संच उरले. परतीचा प्रश्न विचारण्याची व्यवस्था संपली. त्याच सुमारास डॅनियल लर्नर, विल्बर श्रॅम यांसारखे अमेरिकी अभ्यासक प्रसारमाध्यमे वाढली की मागास समाज आधुनिक होतील, असे मांडत होते. १९७६ पर्यंत त्या परंपरेतल्याच एव्हरेट रॉजर्स यांनी हा विचार मागे पडल्याचे लिहिले. आपल्या जिल्हा परिषदांपर्यंत ही बातमी बहुधा अजून पोचायची आहे.

आता मोबाइलचा काळ आहे, त्यामुळे जुने दाखले लागू नाहीत, असे कोणी म्हणेल. मोबाइलवरचा सर्वांत गाजलेला अभ्यास केरळच्या मच्छीमारांवरचा आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने फोन आले. रॉबर्ट जेन्सन यांनी दाखवून दिले की फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि ज्या बंदरात भाव चांगला तिकडे होडी वळवू लागले. त्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडली, आणि विक्रीअभावी फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली. माहितीच्या सामर्थ्याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. पण होडी वळवता येत होती, हे त्या पुराव्यातले मर्म आहे.

माहूरच्या तांड्यावरच्या कोयत्याला होडी वळवता येत नाही. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मजुरी जोडीवर धरली जाते. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, पेरणी झालेली असते, आजारपण किंवा लग्न डोक्यावर असते, तेव्हा मुकादम उचल देतो. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते आणि ती उचल फिटेपर्यंत कोयता त्या मुकादमाचा, त्या कारखान्याचा. कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात दर काय मिळतो आहे, हे आज प्रत्येक टोळीतल्या पोरालाही फोनवर कळते. कळून उपयोग काय? एक दिवस उसाच्या फडावर गेले नाही तर खाडा लागतो आणि तो हिशेबातून कापला जातो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती संघटनांनी कामाला न जाण्याचा दबाव उभा केल्यामुळे. मजुरांना दराची माहिती त्याआधीही होतीच. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेपोटी काम निवडण्याचे स्वातंत्र्य गमावणे ही वेठबिगारीची खूण मानली आहे. ती व्याख्या उचलीच्या व्यवहाराशेजारी ठेवून वाचण्याची तसदी फार थोड्या अधिकाऱ्यांनी घेतली आहे.

हेच शाळेबाबत. १९९९ साली आलेल्या ‘प्रोब’ अहवालात हिंदी पट्ट्यातल्या राज्यांतील पालकांना विचारले होते की मुलांनी शिकणे महत्त्वाचे वाटते का. मुलग्यांबाबत ९८ टक्के आणि मुलींबाबत ८९ टक्के पालकांनी ‘हो’ म्हटले. तेव्हाच्या सर्वांत मागे पडलेल्या राज्यांतली ही स्थिती. शाळा कशाला हवी हे माहूरच्या तांड्याला अजून पटवायचे आहे, असे मानायला आधार काय? अडचण पटण्यात नाही, पाळण्यात आहे. टोळी निघते ती पहिले सत्र संपताना आणि परतते गुढीपाडव्याच्या आगेमागे. मधला सगळा काळ मूल फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. त्याला गावात ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि कागदावर ती चांगली आहे. पण नऊ वर्षांची मुलगी वसतिगृहात राहिली, तर दोन वर्षांच्या भावाला फडावर कोण सांभाळणार, हा हिशेब आई करते, योजना करत नाही. आणि शिक्षण हक्क कायद्याचे वय चौदाला संपते. पंधराव्या वर्षी मुलीला म्हाताऱ्या आजीकडे एकटे ठेवायचे की कोपीत सोबत न्यायचे, या पेचातून तिचे लग्न लावण्याचा मार्ग निघतो. त्यात एक नवा कोयताही तयार होतो. बालविवाह हा गुन्हा आहे हे त्या बापाला माहीत असते. म्हणून तर लग्न गुपचूप लागते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला: जागृतीने काहीच होत नसते तर पोलिओ कसा गेला? पोलिओ गेला, कारण लस दारात आली, फुकट आली, आणि दोन थेंब पाजायला आईची एका दिवसाचीही मजुरी बुडत नव्हती. तिथे राहिला होता तो फक्त संशय, आणि संशय बोलण्याने जातो. दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये याच जेन्सन यांनी आठवीच्या मुलांना अधिक शिकल्यावर कमाई किती वाढते, एवढेच सांगितले. ती मुले पुढे सरासरीने थोडी अधिक शिकली. म्हणजे नुसत्या सांगण्यानेही फरक पडतो. खरे आहे. मात्र त्याच अभ्यासात पुढे लिहिले आहे की हा परिणाम त्यातल्या त्यात बऱ्या घरांतल्या मुलांवर झाला. सर्वांत गरीब घरांतल्या मुलांनाही कमाईचा फरक कळला होता, पण त्यांच्या शिक्षणाची वर्षे त्यामुळे फारशी वाढली नाहीत. माझ्या म्हणण्याविरुद्ध हा अभ्यास पुढे करणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. तिसरा आक्षेप आपल्या ओळखीचा: उचल दारूत आणि लग्नात जाते, पैसा वाढवून काय होणार? काही घरांत जाते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दारू पिणारा बाप शहरातल्या वसाहतींतही असतो आणि त्याची मुले शाळा सोडून शेकडो किलोमीटरवर ऊस वेचायला जात नाहीत. व्यसन जसे तिथे आहे तसे इथे. वेगळी आहे ती मजुरीची रीत.

संशोधन मजुरीच्या रीतीकडे वळले की काय दिसते, याचा एक कडवट नमुना बीडचा आहे. तिथल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्या बायकांना आरोग्यशिक्षणाची गरज आहे, असे म्हणून विषय मिटवता आला असता. पण ज्या फडावर पाणी नाही, आडोसा नाही आणि पाळीच्या दिवसांतही खाडा माफ नाही, तिथे एखादी बाई डॉक्टरचे ऐकून शस्त्रक्रियेला तयार का होते, हे समजायला तिची ‘वृत्ती’ मोजून चालत नाही. आमच्याकडच्या प्रश्नावल्या मात्र वृत्तीच मोजत बसतात. त्याही प्रमाण मराठीत, जिथे घरात गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलली जाते. आणि मोजणी कधी करायची, हेही कोणी विचारत नाही. राज्याने शाळाबाह्य मुले शोधण्यासाठी गाजावाजाने एका दिवसाची पाहणी केली ती ४ जुलै २०१५ रोजी. जुलैत ऊसतोड कामगार आपल्या घरी असतात आणि त्यांची मुले वर्गात. जी मुले नोव्हेंबरात जाणार, ती त्या यादीत येणार कशी?

नांदेडला १९९४ पासून विद्यापीठ आहे, किनवटला आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय आहे. त्यांनी जानेवारीत मोजावे, आणि गावात नव्हे तर कारखान्यांच्या तळावर. तांड्यागणिक दोन तारखा नोंदवाव्यात: टोळी निघाली ती, आणि वसतिगृहात पहिला स्वयंपाक झाला ती. पहिली तारीख दुसरीच्या आधीची असेल, तर त्या वर्षीचे वसतिगृह मुलांसाठी नव्हतेच, असे धरायला हरकत नाही. पावसाळ्यात, उचल वाटली जाते त्या आठवड्यांत, तांड्याला रोजगार हमीचे काम किती मिळाले आणि त्याची मजुरी किती दिवसांनी हातात पडली, हेही त्याच वहीत यावे. १९७२ च्या दुष्काळातून कामाची हमी उभी करणाऱ्या आणि १९७७ मध्ये तिचा कायदा करणाऱ्या राज्याला हे अवघड नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याच्या तत्त्वावर उभे आहे. त्या पैशातून पहिला खर्च कारखान्यांच्या तळावरील पाळणाघरांवर आणि चौदा वर्षांपुढच्या मुलींच्या वसतिगृहांवर व्हावा. जाहिरातीचे शीर्ष त्या अंदाजपत्रकात पहिल्या तीन वर्षांत कोरे ठेवले तरी चालेल.