नाव आपले, घर भाड्याचे

एका पीएच.डी. प्रबंधाची प्रत वाचताना अलीकडे एका तळटीपेपाशी अडखळलो. संदर्भ आमच्याच मराठी विभागाच्या संकेतस्थळाचा होता. कौतुकाने पत्ता उघडला, तर समोर आली सट्ट्याच्या खेळाची जाहिरात. प्रबंधलेखिकेची यात काहीच चूक नव्हती. चूक आमची होती.

काही वर्षांपूर्वी विभागाच्या भित्तिपत्रकातील निवडक लेख आणि परिसरातील लेखकांच्या मुलाखती आम्ही तयार साच्यांतून संकेतस्थळ उभारून देणाऱ्या एका सेवेवर ठेवल्या. एका उत्साही विद्यार्थ्याने स्वतःच्या ई-मेलवरून विभागाच्या नावाचे डोमेन घेतले आणि ते जोडूनही दिले. पुढे तो नोकरीला लागला. नूतनीकरणाच्या सूचना त्याने उघडणे सोडलेल्या पेटीत जात राहिल्या. मुदत संपली आणि नाव भलत्याच कुणी घेतले. गंमत अशी, की लेख शाबूत होते; त्या सेवेने दिलेल्या लांबलचक फुकट पत्त्यावर ते आजही आहेत. घर जागेवर होते, दारावरची पाटी तेवढी दुसऱ्याने नेली.

या प्रकाराकडे साहित्याच्या माणसांनी 'तांत्रिक बाब' म्हणून पाहू नये, असे मला वाटते. महाजालाची रचनाच मुळी नाव आणि स्थान यांच्या भेदावर उभी आहे. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डोमेन-नामव्यवस्था म्हणजे नावावरून यंत्राचा अंकरूप पत्ता शोधून देणारी, जगभर वाटलेली नोंदवही. डोमेन जोडणे म्हणजे या वहीत आपल्या नावापुढे नव्या घराचा पत्ता लिहिणे. त्याचे मार्ग दोन. पहिला, नावाचा सगळा कारभार, म्हणजे 'नेमसर्व्हर', संकेतस्थळ-सेवेकडे सोपवणे. दुसरा, कारभार नोंदणीदाराकडेच ठेवून 'ए' आणि 'सीनेम' या दोन प्रकारच्या नोंदी तेवढ्या बदलणे. विभागांनी दुसरा मार्ग धरावा, असे माझे मत आहे. पहिल्या मार्गात ई-मेलच्या 'एमएक्स' नोंदी नव्या ठिकाणी उतरवून घ्यायच्या राहिल्या, तर त्या नावावरचा पत्रव्यवहार बंद पडतो. शिवाय पुढे सेवा बदलताना नावाचा कारभारही पुन्हा हलवावा लागतो. बदल सर्वत्र पोहोचायला एखाद-दोन दिवस लागू शकतात, तेवढा धीर धरावा. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याविना, दोन्ही रूपे उघडून पाहावीत.

यावर कुणी म्हणेल, फुकट पत्ता असताना हा खटाटोप कशाला? स्वतःचे नाव जोडू द्यायला बहुतेक सेवा पैसे मागतात, हेही खरे. पण याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले, तेव्हा लोकांनी हौसेने उभारलेली असंख्य पाने आपापल्या पत्त्यांसह नाहीशी झाली. काहींच्या प्रती इतरांनी जपल्या, पण जुने पत्ते मेले ते मेलेच. नाव स्वतःचे असते, तर मजकूर दुसरीकडे मांडून तेच नाव तिकडे वळवता आले असते. मात्र आतल्या प्रत्येक पानाचा पत्ताही तसाच राखावा लागतो, किंवा जुन्यावरून नव्याकडे कायमची वाट करून द्यावी लागते. नुसते मुखपृष्ठ उघडले म्हणजे तळटीप जिवंत झाली, असे नव्हे.

'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले. तरी आजचा विद्यार्थी महिना, वर्ष आणि पृष्ठ लिहून त्यातला लेख उद्धृत करतो आणि वाचक ग्रंथालयात जाऊन तो ताडून पाहू शकतो. संपादकांचे कार्यालय कुठे होते, याच्याशी त्या संदर्भाला कर्तव्य नाही. छापील अंकाला हे स्थैर्य अनेक ग्रंथालयांत विखुरलेल्या प्रतींनी आपोआप मिळाले. आपल्याला ते जाणीवपूर्वक कमवावे लागेल.

नावाच्या मालकीविषयीही भ्रम नको. डोमेन विकत मिळत नाही. ते मुदतीच्या पट्ट्याने मिळते. 'डॉट कॉम'ची नोंदणी एका वेळी फार तर १० वर्षांची होते. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावाने आणि विभागाच्या सामाईक ई-मेलवर असावी, नूतनीकरणाची तारीख विभागाच्या इतिवृत्तात लिहावी आणि विभागप्रमुख बदलताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर हा परवलीचा शब्दही सोपवावा. लेखांची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

पाठ्यसंशोधनात एका पाठभेदासाठी आपण महिनोन्महिने पोथ्या धुंडाळतो. ज्या पत्त्यावर उद्याचा संशोधक आपला पाठ शोधत येणार आहे, त्याची वार्षिक फी भरायची आठवण मात्र एका विद्यार्थ्याच्या ई-मेलवर सोडतो. त्या प्रबंधलेखिकेला मी तळटीप दुरुस्त करायला सांगितली. ती दुरुस्ती खरे तर आमच्या विभागाने करायची होती.