‘खेडा’ हा शब्द कुणाचा?



आपल्या गावाच्या नावात ‘खेड़ा’ आहे, ‘ड’खाली टिंब आहे, तेव्हा गाव मुळात हिंदी आणि तुम्ही मराठी लोक मागाहून आलेले, असा युक्तिवाद हल्ली चहाच्या टपरीपासून सभेपर्यंत ऐकवला जातो. दुर्दैव असे की, आपल्यातलीच काही शिकलीसवरली मंडळी त्यावर माना डोलावतात. म्हणून या दोन अक्षरांचा हिशेब एकदा मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

संस्कृतात शब्द आहे ‘खेट’. प्राकृतात त्याचा ‘खेड’ झाला. जैन आगमांत गाव, नगर, पट्टण अशा वस्त्यांच्या याद्या येतात, त्यांत ‘खेड’ही आहे. मातीच्या तटाने वेढलेली वस्ती, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी दिला. म्हणजे आजची हिंदी आणि आजची मराठी आकाराला येण्याआधीच हा शब्द नांदत होता!

त्याच प्राकृताकडून मराठीने ‘खेडे’ घेतले आणि हिंदीने ‘खेड़ा’. हिंदीत ओसाड गावाच्या टेकाडालाही खेड़ा म्हणतात. हरियाणात तर गाव वसवणाऱ्या पूर्वजाचे ठाणे ‘दादा खेड़ा’ म्हणून पुजले जाते. गुजरातेत खेडा जिल्हा आहे. १९१८ साली गांधीजी आणि वल्लभभाईंनी तेथे शेतसाऱ्यासाठी सत्याग्रह केला. आणि मराठी मुलखात? रत्नागिरी जिल्ह्यातले खेड, हुतात्मा राजगुरूंचे खेड म्हणजे आजचे राजगुरुनगर, जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा, धुळे जिल्ह्यातला शिंदखेडा. शिंदखेडा हिंदी गाव आहे, असे कुणी म्हणेल काय?

राहिले ते टिंब. ‘घोडा’, ‘वाडा’ म्हणताना आपलीही जीभ तशीच वळते. हिंदीने त्या उच्चारासाठी ‘ड’खाली टिंब दिले, पंजाबीने वेगळे अक्षर केले, मराठी-गुजरातीने साधा ‘ड’च ठेवला. ही लिहिण्याची रीत झाली. टिंबावरून गावाची मालकी ठरत नाही. आणि आपण ‘लोधीखेड्याला जातो’ म्हणतो, ‘लोधीखेड्याचा बाजार’ म्हणतो. हे सामान्यरूप मराठीच आहे, ते आपल्याला कुणी कचेरीतून शिकवलेले नाही.

इतिहासही हेच सांगतो. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा, नंतर नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. घरे जागेवरच होती. हलली ती सीमा. २०२३ मध्ये सौंसर व पांढुर्णा मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हाही आपण जागेवरच होतो. मग बाहेरचे कोण?

हिंदीशी आमचे भांडण नाही. ती आपल्या राज्याची भाषा आहे, शेजाऱ्याची भाषा आहे, आणि हा शब्द त्याचाही आहे. आमचे भांडण आहे ते ‘फक्त आमचाच’ म्हणणाऱ्यांशी. आणि त्याहून अधिक आपल्याच माणसांशी! आपणच ‘खेडवळ’ ही शिवी केली. आपणच नागपूरला गेलो की गावाचे नाव चाचरत सांगतो आणि गावात परतलो की मुलांशी मराठी बोलायला लाजतो.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५० (क) सांगते. पण मातृभाषाच लपवली, तर सोय कुणासाठी करायची? १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख असलेल्या जनगणनेच्या नोंदीत ज्या घराने मराठी बोलत हिंदी सांगितली, त्याने आपल्या हक्काचा कागद स्वतःच फाडला, असे आम्ही समजतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मातृभाषा विचारली की बेधडक ‘मराठी’ सांगा. फलकावर टिंब असलेला लोधीखेड़ा खुशाल राहू द्या. त्याच्या शेजारी बिनटिंबाचा लोधीखेडाही मागा. आणि घरी मुलांशी मराठीत बोला. गावाच्या नावातला हा शब्द पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या जपला. तो आपल्या हातून जाता कामा नये!