आवाज आणि मेहनत

शास्त्रज्ञ, संत आणि समाजसुधारक यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. एखाद्या अभिनेत्रीचे चरित्र वाचायला दिले, की काही पालक विचारतात, "नाटक-सिनेमात काम करणाऱ्या बाईकडून आमच्या मुलांनी काय शिकायचे?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझ्या मते, त्यांची प्रसिद्धी पाहून भुलायचे नाही. पण त्यामागची मेहनत जरूर पाहायची. इंग्लंडच्या गायिका व अभिनेत्री जूली अँड्र्यूज यांचे आयुष्य याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

जूलीचा जन्म 1 ऑक्टोबर 1935 रोजी इंग्लंडमधील वॉल्टन-ऑन-टेम्स या गावी झाला. तिचे लहानपण दुसऱ्या महायुद्धात, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीत गेले. आई पियानो वाजवी, सावत्र वडील गात. मुलीचा आवाज वेगळा आहे, हे घरच्यांच्या लक्षात आले. तो सुमारे चार सप्तकांत फिरत असे. मग लिलियन स्टाइल्स-ॲलन या नामवंत गायिकेकडे तिचे शिक्षण सुरू झाले. 1947 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, ती लंडनच्या मोठ्या रंगमंचावर गायली. पुढच्याच वर्षी राजघराण्यासमोर गाण्याचा मान तिला मिळाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सावत्र वडिलांना दारूचे व्यसन होते. त्यामुळे किशोरवयातच घरखर्चाचा भार जूलीवर पडला. शाळेचे शिक्षण अर्धवट राहिले. अशा गोष्टी लोक कौतुकाने सांगतात. मला मात्र त्यात कौतुक वाटत नाही. मुलांनी शिकावे आणि मोठ्यांनी कमवावे, हेच योग्य. गुणी मूल म्हणजे घरच्यांच्या कमाईचे साधन नव्हे.

1954 साली जूली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली. 1956 साली, अवघ्या विसाव्या वर्षी, तिला 'माय फेअर लेडी' या संगीत नाटकात मुख्य भूमिका मिळाली. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकावर ते आधारलेले आहे. रस्त्यावर फुले विकणारी एलायझा ही गरीब मुलगी एका प्राध्यापकाकडून उच्चार शिकते आणि मोठ्या लोकांत वावरते, अशी ती कथा आहे.

गाणे जूलीला येत होते. अभिनय मात्र जमेना. सोबतचे ज्येष्ठ नट नाराज झाले. तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्ट यांनी बाकीच्या कलावंतांना सुटी दिली आणि सलग दोन दिवस तिच्याकडून एकेक प्रवेश बसवून घेतला. चुका दाखवताना त्यांनी भीड ठेवली नाही आणि तिनेही कमीपणा मानला नाही. आणखी एक गंमत पाहा. लंडनच्या गरीब वस्तीतील बोली या इंग्रज मुलीला एका अमेरिकन उच्चारतज्ज्ञाकडून शिकावी लागली! स्वतःच्या देशातील बोली परक्या माणसाकडून शिकायला तिला लाज वाटली नाही. नाटक प्रचंड गाजले.

हीच कथा पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' या नाटकातून मराठीत आणली. त्यातील मंजुळेची भूमिका भक्ती बर्वे यांनी अजरामर केली.

ही कथा मला जवळची वाटते, कारण मराठी बोलताना अडखळणारी मुले मी रोज पाहतो. उर्दूत 'ळ' आणि 'ण' नाहीत. म्हणून आपल्यापैकी कोणी 'बाळ' ऐवजी 'बाल' आणि 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणतो. कोणी हसले, की तो गप्प बसतो आणि पुन्हा तोंड उघडत नाही. मित्रांनो, आपली घरची भाषा मुळीच कमी दर्जाची नाही. उर्दूतला 'क़ाफ' म्हणताना मराठी मुलेही अडखळतात. नवीन भाषा चुकत-चुकतच येते. 'रियाज' हा शब्द उर्दूत आहे तसाच मराठीतही आहे. रियाजाशिवाय गाणे येत नाही, तशी भाषाही येत नाही.

मेहनतीला लगेच फळ येतेच, असेही नाही. या नाटकावर चित्रपट निघाला, तेव्हा निर्मात्यांनी जूलीऐवजी ऑड्री हेपबर्न या अधिक प्रसिद्ध अभिनेत्रीला घेतले. जूलीने रडत न बसता वॉल्ट डिस्ने यांच्या 'मेरी पॉपिन्स' या चित्रपटात काम केले. हे दोन्ही चित्रपट 1964 सालीच आले आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक 'मेरी पॉपिन्स'साठी जूलीला मिळाले. 1965 साली आलेल्या 'साउंड ऑफ म्युझिक'मुळे तर तिचे नाव जगभर झाले.

खरी परीक्षा पुढेच होती. 1997 साली घशावर शस्त्रक्रिया झाली आणि जूलीबाईंचा गाता गळा कायमचा गेला. ज्या आवाजावर आयुष्य उभे होते, तोच हरपला. हे दुःख लहान नव्हते. पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी चित्रपटांत भूमिका केल्या, मुलीसोबत लहान मुलांसाठी पुस्तके लिहिली. 2020 साली सुरू झालेल्या 'ब्रिजर्टन' या मालिकेतील निवेदन त्यांच्याच आवाजात आहे. गाणारा आवाज गेला; पण स्पष्ट, शुद्ध बोलण्याची लहानपणापासूनची सवय उपयोगी पडली.

म्हणून पालकांना माझे उत्तर असे : गोड गळा ही अल्लाहची देणगी आहे, ती सर्वांना मिळत नाही आणि मिळाली तरी कायम टिकेलच असे नाही. शिकण्याची तयारी मात्र प्रत्येकाला अंगी बाणवता येते. आमच्या मुलामुलींनी जूलीबाईंकडून घ्यायची ती हीच गोष्ट. उद्या वर्गात मराठी वाचताना कोणी चुकला, तर हसू नका. आणि स्वतः चुकलात, तर तोच शब्द पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणा.