रामोला पहारेकरी नकोत

एका रसिकश्रेष्ठांचा निवाडा कानावर आला: लुई स्क्लाव्हिस या फ्रेंच क्लॅरिनेटवादकाने १९९६च्या ‘ले व्हिओलांस द रामो’ या अल्बममध्ये रामोही नासवला आणि जॅझही. रामो या फ्रेंच संगीतकाराच्या अठराव्या शतकातल्या ऑपेरांच्या सुरावटी, त्यांत ट्रॉम्बोन, पियानो, ड्रम. ना धड हे, ना धड ते. शैलींनी आपापल्या घरी राहावं, म्हणे.

रामोचं घर कधी सोवळ्यातलं होतं? १७३३मध्ये, पन्नाशीत, त्याचा पहिला ऑपेरा रंगमंचावर आला, तेव्हा परंपरेच्या भक्तांनी हेच गाऱ्हाणं मांडलं होतं: गोंगाट फार, स्वर फार. १७२५मध्ये लुइझियानाहून आलेल्या मूलनिवासींचा नाच पॅरिसमध्ये झाला. त्यावरून त्याने हार्प्सिकॉर्डसाठी रचना केली आणि १७३६मध्ये तीच ‘लेझ आंद गालांत’ या ऑपेराच्या नव्याने जोडलेल्या भागात घातली. ही सरमिसळ चालते, कारण तिला अडीचशेहून जास्त वर्षं झाली! साथीच्या हार्प्सिकॉर्डवाल्यासमोर तेव्हा खर्जातल्या सुरांची ओळ आणि तिच्यावर आकडे, एवढंच असे. बाकीचं तो जागेवर भरी, जॅझवाल्यासारखंच. आणि १७५१च्या ‘आकांत ए सेफीझ’मध्ये रामोने क्लॅरिनेट घेतली, फ्रेंच ऑपेराच्या वाद्यवृंदात ती अगदी नवखी असताना. ज्या वाद्याला त्याने स्वतः दार उघडलं, त्याच वाद्याने आता त्याच्या संगीताला शिवायचं नाही? असं सांगणाऱ्यांनी रामो ऐकलेला नाही, फक्त जपून ठेवलेला आहे.

या अल्बममध्ये जॅझचा झुलता ठेका नाही, हा दुसरा आक्षेप. युरोपातल्या मुक्त जॅझने त्या ठेक्याची सक्ती १९६०च्या दशकातच झुगारली होती.

आता अल्बमबद्दल. त्यातल्या ‘ला तोर्त्यूर दाल्फीझ’ या रचनेच्या नावातली आल्फीझ ही रामोच्या शेवटच्या ऑपेरातली, ‘ले बोरेआद’मधली राणी. वाऱ्याच्या देवाच्या मुलांशी लग्न नाकारते म्हणून तिचा छळ होतो. १७६३मध्ये या ऑपेराच्या तालमी झाल्या, पण १७६४मध्ये रामो गेला, तोवर प्रयोग झाला नव्हता. स्क्लाव्हिसने रामोमधला नेमका हा हिंसेचा धागा पकडला आणि अल्बमला नावही तेच दिलं: ‘रामोमधली हिंसा’. सहा वादकांच्या या ताफ्यात त्याची बास क्लॅरिनेट आणि दोमिनिक पिफारेलीचं व्हायोलिन एकमेकांवर चालून जातात, तेव्हा त्या संगीतातला धाक मला जाणवतो. दरबारी नजाकतीवर बेतलेल्या कित्येक सादरीकरणांत तो मला सापडलेला नाही.