डोंगर वाळूचा, तलाव खारा

मे महिना उजाडला की नेरळहून माथेरानचा घाट पायी चढून शार्लट तलावाकाठी शिदोरी सोडावयाची, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. वाचकांपैकी कित्येकांनी ती वाट तुडविली असेल. म्हणून गतवर्षी मेच्या आरंभी, दोह्यात नोकरीस असलेला आमचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, येथेही डोंगरातला तलाव दाखवितो," तेव्हा आम्हांस हसू आवरेना. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच. कतारचे सर्वांत उंच स्थळ अवघे १०३ मीटर! बारमाही नदी तर त्या देशात एकही नाही.

परंतु भाचा थट्टा करीत नव्हता. दोह्याच्या दक्षिणेस मेसईद बंदरापलीकडे डांबरी सडक संपते. तेथे मोटारीच्या चाकांतील हवा कमी करून वाळूत शिरावे लागते. सौदी सीमेलगत खोर अल् अदैद आहे. 'खोर' म्हणजे आपली खाडीच. समुद्र अरुंद मार्गाने वाळवंटात शिरून टेकड्यांमध्ये तलावासारखा पसरला आहे. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या स्थळाचे नाव २००८ साली दाखल झाले.

पहाटे मोटार मागे ठेवून आम्ही, आमची धाकटी बहीण, भाचा व त्याची दोन मुले पायी निघालो. वाळूची चढण फसवी. दोन पावले चढावे, एक घसरावे. वाऱ्याकडील उतार दाबलेला, त्यावर पाय ठरतो. पाठीमागचा उभा व भुसभुशीत. वायव्येचा 'शमाल' वारा या टेकड्यांना हळूहळू समुद्राकडे ढकलीत असतो. माथेरान निदान जागचे हलत नाही!

माथ्यावरून निळे पाणी दिसले आणि मुले ओरडली. तोच बहीण मटकन खाली बसली. चेहरा लाल, डोके गरगरलेले. आठही वाजले नव्हते. पाणी हाकेच्या अंतरावर असता परतणे आम्हांस नामुष्कीचे वाटले, आणि तसे आम्ही बोलूनही गेलो. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, ते पाणी पिता येत नाही. पिण्याचे आपल्याजवळ दोन बाटल्या उरले आहे." शार्लट तलावाचे पाणी माथेरान पिते, हा फरक आमच्या ध्यानी तेव्हा आला.

बहिणीच्या मानेवर ओले फडके ठेवून, तिला धरून आम्ही उतरलो. वाटेत सडकेच्या कडेस मजूर काम करीत होते. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करण्यास तेथे २०२१ पासून बंदी आहे. मे महिना त्या नियमात बसत नाही. आम्हांस निदान परत फिरता आले.

घरी मीठसाखरेचे पाणी घेऊन बहीण सायंकाळपर्यंत सावरली. "आजोबा, पाय बुडवायचे राहिले," धाकटा कुरकुरला. बहीण पडल्यापडल्या म्हणाली, "डिसेंबरात बुडवू. आणि पाण्याच्या बाटल्या या खेपेस मी मोजणार."