आधी वॉर्ड दाखवा

कॅन्युला लावायला किती दिवसांत जमते, याचं उत्तर कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडत नाही. तिथे इमारतीचा फोटो असतो, संगणक कक्ष असतो, हातात दिवे घेऊन ओळीने उभ्या राहिलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली असतात आणि खाली ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असते.

ही हमी अगदीच खोटी नसते. नर्सिंग केलेली मुलगी वर्षानुवर्षं घरी बसून आहे, असं सहसा होत नाही. कुठे ना कुठे ती लागते. माझी तक्रार आहे ती लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांबद्दल.

पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, रात्रीचे दोन. सत्तरी ओलांडलेले आजोबा जुलाबांनी खंगून दाखल झालेत. अंगातलं पाणी गेल्यामुळे शिरा बसल्यात. आधीच्या सुईच्या जागी सूज आली म्हणून ती काढली. आता नवी लावायची. महिन्यापूर्वी रुजू झालेली सिस्टर टूर्निके करकचून बांधते, मनगटाजवळ चापट्या मारते, गुलाबी कॅन्युला, म्हणजे वीस नंबरची, उचलते आणि शिरेत घालते. रक्त दिसतं. पुढे सरकवायला जाते तोच शीर फुटते आणि हाताच्या पाठीवर निळसर टेंगूळ येतं. दुसऱ्या हातावर पुन्हा तेच. आजोबांचा मुलगा विचारतो, “मॅडम, येतं ना तुम्हाला?” मग शेजारच्या वॉर्डातून जुन्या सिस्टर येतात. त्या आजोबांचा हात खाटेखाली लोंबता सोडायला सांगतात, त्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवतात, टूर्निके सदऱ्याच्या बाहीवरून सैलसर बांधतात, कातडी अंगठ्याने खाली ताणून धरतात आणि निळी, बावीस नंबरची कॅन्युला जवळजवळ आडवी धरून आत सरकवतात. “झालं हं बाबा,” म्हणतात आणि चिकटपट्टी लावून निघून जातात.

यातलं काहीही गुपित नाही. पुस्तकात आहे, परीक्षेतही विचारतात. पण पहिल्या मुलीने सुई लावायचा सराव केला तो कॉलेजच्या लॅबमधल्या रबरी हातावर, आणि रबरी हाताच्या शिरा कधी बसत नाहीत. तिला मी बोल लावणार नाही. चार वर्षांत तिच्या शेजारी उभं राहून “कातडी ताण, सुई आडवी धर” म्हणणारं कुणी तिला मिळालं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे.

ज्यांच्या घरी यंदा हा विषय आहे त्यांच्यासाठी वाटा थोडक्यात. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पदवीला बारावी सायन्स लागतं, बाकी दोन्हींना इतर शाखाही चालतात. पदवीचा प्रवेश सीईटीतून, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. ही माहिती कुठल्याही सायबर कॅफेवाल्याला पाठ असते, म्हणून मी इथे थांबतो.

कॅफेवाल्याला ठाऊक नसतं ते वेगळंच. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार कॉलेजला स्वतःचं निदान शंभर खाटांचं रुग्णालय हवं आणि वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. नियम उत्तम आहे. तो कागदावर कसा पाळला जातो, हे मात्र मध्य प्रदेशाने दाखवून दिलं. तिथल्या शेकडो नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिली. रुग्णालय आहे की नाही, शिक्षक आहेत की नाहीत, इतकंच पाहायचं होतं. मे 2024 मध्ये सीबीआयला आपल्याच अधिकाऱ्याला अटक करावी लागली, कारण कॉलेज ‘योग्य’ असल्याचा शेरा देण्यासाठी पैसे घेतले जात होते. तपासणाऱ्याचीच तपासणी करायची पाळी आली.

आपल्याकडे असं काही होतच नाही, असं म्हणायला मी धजावणार नाही. तपासणीच्या दिवशी खाटा अचानक भरतात, ही या क्षेत्रातली जुनी थट्टा आहे. आणि सगळं खापर संस्थाचालकांवर फोडून चालायचं नाही. “नॉन-अटेंडिंग चालेल का हो? मुलगी घरूनच परीक्षेला येईल,” असं विचारणारे पालकही आहेत. जी वॉर्डात गेलीच नाही ती उद्या कुणाच्या तरी आईला इंजेक्शन देणार आहे. त्यांच्याही आईला देऊ शकते.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत उलटी तऱ्हा. जे.जे., केईएम, ससून इथे रुग्णांची ददात नाही. भाजलेले, विष घेतलेले, साप चावलेले, अडलेल्या बाळंतिणी, सगळं पाहायला मिळतं. पण तिथे शिकाऊ मुलगी बघता बघता फुकटची कामगार होते. रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोचव, चादरी मोज, केस पेपर शोधून आण. शिकवायचं कुणी? कॉलेजच्या पाठ्यनिर्देशिका थोडा वेळ येऊन जातात. वॉर्डच्या परिसेविकेला शिकवता येतं, पण तिच्या कामाच्या यादीत ते नाही, त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि वेळ तर नाहीच. तरी निवडायचं झालं तर माझं मत या गर्दीच्याच बाजूने. तिथे चुकायला जागा नसली तरी बघायला भरपूर असतं.

बघून काय शिकायचं, असं वाटत असेल तर केईएमचंच उदाहरण घ्या. अरुणा शानबाग या परिचारिकेवर नोव्हेंबर 1973 मध्ये तिथेच हल्ला झाला आणि 18 मे 2015 रोजी त्यांचं निधन होईपर्यंत तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. 2011 मध्ये दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा एका गोष्टीची खास दखल घेतली गेली: इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही बेडसोर झालेला नव्हता. ही साधी बाब नाही. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, टाचा आणि माकडहाड रोज तपासावं लागतं, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, ओलं तर क्षणभरही ठेवायचं नाही. किती सिस्टर निवृत्त झाल्या, किती नव्या आल्या, आणि ही गोष्ट एकीकडून दुसरीकडे जात राहिली. मला कुणी नर्सिंगच्या शिक्षणाची व्याख्या विचारली तर मी याकडे बोट दाखवीन. हे कुठल्या सेमिस्टरमध्ये येतं, ते सांगता येणार नाही.

आता नोकरी. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत नव्या मुलींना सुरुवातीला प्रशिक्षण तरी मिळतं. तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये शिकलेली आणि न शिकलेली, दोघींचा गणवेश एकच असतो आणि डॉक्टरांचा फोन हेच प्रशिक्षण. परिषदेचे निकष सांगतात की साध्या रुग्णालयातल्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, अतिदक्षता विभागात एकास एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा. प्रत्यक्षात नाईटला तीस रुग्णांमागे एक सिस्टर असणं नवलाचं राहिलेलं नाही. हिशेब करू. बारा तासांच्या नाईटची 720 मिनिटं. तीस रुग्ण. म्हणजे एकेकाच्या वाट्याला अख्ख्या रात्रीत 24 मिनिटं, तीही सिस्टरने पाणी न पिता, खुर्चीला पाठ न टेकता काढली तर. त्यात रात्री दहाची इंजेक्शनं, पहाटे सहाची इंजेक्शनं, ताप-नाडी-बीपीच्या नोंदी, लघवीचं माप, नवी अॅडमिशन, आणि सकाळचं हँडओव्हर. ट्रॉलीवर पोटॅशियम क्लोराइडची अॅम्प्यूल असते. दिसायला साध्या पाण्याच्या अॅम्प्यूलसारखी. पातळ न करता सरळ शिरेत गेली तर हृदय बंद पडतं. म्हणून ती वेगळी ठेवायची असते. पहाटे चारला, डोळे मिटत असताना, ही गोष्ट लक्षात ठेवायचं काम आपण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीवर सोपवलेलं असतं.

आणि तिला देतो काय? खासगीत सुरुवात बारा-पंधरा हजारांवरही होते. वर बाँड, कुठे कुठे मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतात, म्हणजे मधेच सोडून जायला नको. (मूळ प्रमाणपत्र कुणालाही द्यायचं नसतं, झेरॉक्स द्यायची. हे वाक्य कापून मुलीच्या फायलीत ठेवा.) पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी 2016 च्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. तिने सांगितलं की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटा असल्यास फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असल्यास पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली नाही. केरळात परिचारिका रस्त्यावर उतरल्या आणि 2018 मध्ये सरकारला किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. आपल्याकडच्या छोट्या रुग्णालयांच्या पगारपत्रकांवर त्या शिफारशींचा मागमूस दिसत नाही. हॉस्पिटलच्या दर्शनी भागात इटालियन मार्बल मात्र दिसतो.

म्हणून सगळ्यांचे डोळे सरकारी नोकरीकडे. राज्यात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी 35,400 पासून सुरू होते, केंद्राच्या संस्थांत त्याहून वर. पण जागा निघतात उशिरा आणि त्यातल्या कित्येक कंत्राटी. मे 2022 मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी संप केला तो बाह्य यंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधातच. मुलग्यांची गोष्ट आणखी वेगळी. ‘ब्रदर’ आता वॉर्डात सर्रास दिसतात, आणि ऑर्थोपेडिक वॉर्डात सहा फुटी रुग्णाला उचलायची वेळ आली की त्यांना हाकाही मारतात; पण एम्सच्या भरतीत ऐंशी टक्के जागा महिलांसाठी आहेत. याचं समर्थन कसं करायचं, हे मला तरी कळलेलं नाही.

घरच्यांचं काय? पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू करून रमाबाई रानडे यांनी विधवा मुलींना ससूनमध्ये परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परपुरुषाला हात लावायचा म्हणून पुण्यात गहजब झाला. आता गहजब होत नाही. आता स्थळ बघायला आलेली मंडळी चहा पिऊन झाल्यावर हळूच विचारतात, “नाईट बंद करून मिळत नाही का?” पगार चालतो, नाईट चालत नाही.

दुसरी वाट परदेशाची. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकावी लागते, त्यात वर्ष सहज जातं. तरीही जावं, मी अडवणार नाही. पण तिथली एक रीत बघण्यासारखी आहे. आपल्याकडून गेलेली परिचारिका अनुभवी असली तरी, तिच्या पदवीला पूर्ण मान्यता मिळण्यासाठी तिला सहसा एक तर परीक्षा द्यावी लागते, नाहीतर काही महिने तिथल्या वॉर्डात दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. आपण मात्र कालपर्यंत विद्यार्थिनी असलेल्या मुलीच्या हातात आज नाईटच्या किल्ल्या देतो.

उपाय खर्चीक नाही. नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचं आहेच. त्या काळात वॉर्डातल्या एका अनुभवी सिस्टरकडे दोन-तीन मुली नावानिशी सोपवायच्या, त्या मुदतीपुरते तिचे रुग्ण कमी करायचे आणि तिला शिकवण्याचा भत्ता द्यायचा. नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांतही तेच. एकटीने नाईट नाही. रुग्णालयवाले म्हणतील, परवडत नाही. शिकवून तयार केलेली मुलगी सहा महिन्यांत दुसरीकडे जाते, हेही म्हणतील. पगार वाढवून बघा, मग किती जातात ते मोजू.

दुसरी मागणी परिषदेकडे आणि सीईटी कक्षाकडे. प्रवेशफेरीच्या यादीत कॉलेजचं नाव, कोड आणि जागा असतात. तीन रकाने वाढवा: संलग्न रुग्णालयाचं नाव आणि खाटा, गेल्या वर्षात सरासरी भरलेल्या खाटा, आणि वर्षभरात तिथे झालेल्या प्रसूती. तपासणीच्या कागदांत यातलं बरंचसं लिहिलेलं असतंच, फक्त बाहेर येत नाही.

ते येईपर्यंत पालकांनी प्रवेशाआधी एक संध्याकाळ काढावी. कॉलेजच्या ऑफिसात नव्हे, संलग्न रुग्णालयात, भेटीच्या वेळेला जावं. डबे घेऊन आलेले नातेवाईक दिसतात का, खाटांवर माणसं आहेत का, ते पाहावं. आणि काउंटरवरच्या तरुण सिस्टरला विचारावं, नाईटला किती जणी असता आणि सुई लावायला कुणी शिकवलं. ती खरं सांगते. बहुतेक वेळा ती त्याच कॉलेजातून निघालेली असते.