सुधारणा आणि विलायती राहणी



आपल्या गावोगावच्या घरांतून एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. मुले शिकली, कमावती झाली. परंतु आजीच्या नऊवारी लुगड्याची त्यांस लाज वाटू लागली व चारचौघांत मराठी बोलणे कमीपणाचे वाटू लागले. हे पाहून काही वडीलधारी मंडळी म्हणतात की, शिक्षणानेच घर बिघडले. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरुद्ध आहेत. पण दोहोंच्या मुळाशी समज एकच. पुढे जावयाचे म्हणजे पाश्चात्त्यांसारखे व्हावयाचे! हा समज कितपत खरा आहे, ते आज पाहू.

बडोद्याचे उदाहरण घ्या. सयाजीराव महाराज गायकवाड १८७५ साली गादीवर आले. त्यांनी युरोप-अमेरिकेचे प्रवास अनेक वेळा केले व तेथील व्यवस्था डोळसपणे पाहिली. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून १९०६ साली त्यांनी ते सर्व संस्थानास लागू केले. वाचनालयांची घडी बसविण्यासाठी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलाविले, आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात यंत्रकाम, रंगकाम इत्यादी नवी विद्या शिकविली जाई. आणि ती मातृभाषेतून शिकवावी असा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. विद्या बाहेरची घेतली. पण ती घेण्यासाठी प्रजेस आपली भाषा टाकावी लागली नाही.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही याचा दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. ते १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. छापखाना युरोपातून आलेला, अक्षरे रोमन. ओवी मात्र मराठी! परक्या देशाचा धर्मगुरू आपल्या भाषेत रमला, आणि आपण तिची लाज बाळगावी काय?

परंतु जे आपले ते सारे चांगले, असेही कोणी समजू नये. डॉ. आंबेडकर १९१३ साली महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ते विद्वान म्हणून मान्यता पावले. १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्यास आले, तेव्हा मात्र केवळ जातीमुळे त्या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. अखेर त्यांस बडोदे सोडावे लागले. ही रीत विलायतेहून आली नव्हती. ती आपल्याच मातीतली होती. अशी रीत सोडणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण नव्हे. ते न्यायाने वागणे होय. आपल्या ख्रिस्ती घरांतही सोयरीक जुळविताना जात विचारली जाते, हे आपण जाणतोच.

तेव्हा वस्तू कोठून आली, हा प्रश्न गौण आहे. तिने माणसाचे दुःख हलके होते काय? घरातील दुबळ्यास तिचा लाभ होतो काय? की ती केवळ शेजाऱ्यास दिपविण्यासाठी आणली आहे? एवढे विचारून पाहावे. लस, विजेचा पंप, संगणक ही कोणा एका खंडाची मिरास नव्हे. ती खुशाल घ्यावी. परंतु लग्नात कर्ज काढून मिरविलेला थाट, मग तो विलायती असो वा देशी, त्यात सुधारणा कसली?

आईबापांनो, मुलांस इंग्रजी अवश्य शिकवा, आणि मुलाइतकेच मुलीसही शिकवा. परंतु सायंकाळची प्रार्थना घरात मराठीतच होऊ द्या, आणि आजीच्या गोष्टी व ओव्या मुलांच्या कानी पडू द्या. आजीपाशी बसावयास ज्याला लाज वाटत नाही, तोच खरा शिकला, असे आम्ही समजतो.